मेल्यावर उरतं काय? विनायकला पत्र

प्रिय विनायक,

पत्र मिळालं. 'तुमच्यातही तेच ना, शरीर जातं आणि आत्मा राहतो?' असं तू सहज लिहून गेलास. तुला कशाला बोल लावू, आम्हा ख्रिस्ती लोकांतलेही पुष्कळजण अंत्यविधीच्या वेळी हेच बोलतात. आणि तेच रविवारी प्रार्थनेत शरीराच्या पुनरुत्थानावर, म्हणजे मेलेलं शरीर पुन्हा उठण्यावर, विश्वास असल्याचं सांगतात! जुनं वस्त्र टाकून आत्मा पुढे निघाला, या कल्पनेत ते कुठे बसतं सांग.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत होतो. आधीच तयार असलेला आत्मा कुठूनतरी आणून देहात ठेवला, असं तिथे म्हटलेलंच नाही. देह म्हणजे तुरुंग, ही भाषा मुख्यतः प्लेटोकडून आली आणि शिकल्यासवरल्या ख्रिस्ती लोकांना तिची भुरळ पडली. चौथ्या-पाचव्या शतकातला मोठा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन तर तरुणपणी जडसृष्टीच वाईट मानणाऱ्या मानी नावाच्या गुरूच्या पंथात होता. पुढे मात्र त्याने बजावलं, की नाशवंत देहामुळे आत्मा पापी झाला नाही, पापी आत्म्यामुळे देह नाशवंत झाला. त्याचा दाखला मला फार आवडतो: सैतानाला देहच नाही, तरी गर्व आणि मत्सर त्याच्याइतका कुणात आहे?

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने ॲरिस्टॉटलचा हात धरला. देहाला माणसाचा देह बनवणारं तत्त्व म्हणजे आत्मा, असं तो मानतो. मरणानंतर आत्मा टिकतो, पण अपुरा. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रावर भाष्य करताना तो सरळ लिहितो, 'माझा आत्मा म्हणजे मी नव्हे.'

लूकने लिहिलेल्या येशूचरित्राच्या शेवटच्या अध्यायातला, मेलेला येशू पुन्हा उठल्यानंतरचा प्रसंग वाच. शिष्यांना वाटतं, भूत आलं. येशू हातपाय दाखवतो, चाचपून बघा म्हणतो. तरी त्यांचा विश्वास बसेना, तेव्हा विचारतो, 'खायला काही आहे का?' ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यादेखत खातो. केवळ आत्म्याची महती गायची असती, तर मासा कशाला आला असता?

खरी पंचाईत मधल्या काळाची. मरण आणि पुनरुत्थान यांच्यामध्ये माणूस असतो कुठे? सोळाव्या शतकातला धर्मसुधारक ल्यूथर पुष्कळदा झोपेची भाषा वापरतो. कॅल्व्हिन या दुसऱ्या सुधारकाने त्या झोपेविरुद्ध अख्खा ग्रंथ लिहिला. पोप बेनेडिक्ट बारावे यांनी 1336 मध्ये जाहीर केलं, की शुद्ध झालेले आत्मे पुनरुत्थानाआधीच देवाला पाहतात. आता नॅन्सी मर्फींसारख्या तत्त्वज्ञ म्हणतात, वेगळा आत्मा मानायची गरजच नाही, देव अख्खा माणूसच उठवील. मला ते पुरतं पटत नाही. वधस्तंभावर येशूने शेजारच्या चोराला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असा शब्द दिला होता. त्या 'आज'चं काय करायचं? म्हणून मी आपला थॉमसच्या बाजूला.

जळून राख झालेल्यांचं काय, हे तू विचारणारच. कॅथलिक चर्चने 1963 मध्ये दहनाला मुभा दिली, आणि ऑगस्टीनने तर नरभक्षकांनी खाल्लेल्यांचाही विचार करून ठेवलाय! पौलाला कुणी असंच विचारलं, की मेलेले कोणत्या शरीराने येतात, तर तो आधी 'अरे मूढा' म्हणून खेकसला आणि मग पेरलेल्या दाण्याचं उदाहरण देत बसला. तू खुशाल विचार. मी खेकसणार नाही.

तुझा,
शमुवेल