पेरणी लांबली की फुटवे गेले

संपादक साहेब,

गव्हाचा उतारा कमी आला की सगळे बियाण्याला नाहीतर खताला बोल लावतात, तारखेचं कुणी नावच काढत नाही. अहो, हिवाळी गव्हाला एक पान काढायला साधारण 100 अंश-दिवसांची (म्हणजे रोजच्या सरासरी तापमानाची बेरीज 100 होईल इतकी) ऊब लागते आणि तीन-चार पानं झाल्याशिवाय फुटवा, म्हणजे बुंध्यातून निघणारी जादा काडी, निघत नाही, मग थंडी बसल्यावर पेरलं तर रोप एका काडीवरच राहणार ना! उपटून बघा, उशिराच्या रोपाला दोन पानं आणि मुळं दोऱ्यासारखी. पुढे ओंब्या कमी, आणि दाणा भरायच्या वेळेला पारा 30 च्या वर गेला की दाणा सुरकुततो, वजनच भरत नाही.

पण म्हणून फार लवकर पेरणंही बरं नाही हं, पीक नुसतं माजतं, मावा कीड येते आणि तिच्यासोबत पिवळ्या खुजेपणाचा व्हायरस. उशीर झालाच तर बियाणं थोडं वाढवा, पण त्याने सगळं भरून निघतं असं नाही. तुमच्या शेतीच्या पानावर खताच्या जाहिरातींच्या शेजारी एवढं छापाल का?

– एक गहू उत्पादक