सेल लागण्याआधी

चि. रेवा हिस,
अनेक आशीर्वाद.

लॅपटॉपची खरेदी सेलपर्यंत लांबवलीस, बरं केलंस. ‘सेल म्हणजे निव्वळ फसवणूक’ हे तुझ्या बाबांचं म्हणणं मला पटत नाही. नवं मॉडेल बाजारात यायचं असलं की दुकानदाराला जुना माल गोदामातून काढायचाच असतो. तेव्हा खरंच स्वस्त मिळतं. पण कशावर, हे सेलच्या दिवशी कळत नाही. त्याची तयारी आधीपासून लागते. तुला हव्या त्या मॉडेलचा आजचा भाव वहीत लिहून ठेव, दर आठवड्याला पुन्हा बघ.

कारण खरी गोम त्या काट मारलेल्या किमतीत आहे. मोठा आकडा आधी डोळ्यांत भरला की पुढचा आपोआप लहान वाटतो. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एका प्रयोगाबद्दल लिहिलं होतं: लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं आणि मग भलताच प्रश्न विचारला, तरी त्यांची उत्तरं चक्रावर आलेल्या आकड्याकडे झुकली! दुकानदार तर आकडा विचार करून निवडतो. सेलच्या तोंडावर भाव चढवायचा आणि मग ‘उतरवायचा’, ही चाल जुनीच. युरोपीय संघात २०२२पासून, सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतला सर्वांत कमी भाव दाखवायचा नियम लागू झाला, तो त्यासाठीच. तुझी वही तेच काम करेल.

‘५० टक्के, वर आणखी २० टक्के’ वाचून ७० धरू नकोस. दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर मिळते, म्हणजे एकूण ६०च. (गणितात तू माझ्यापेक्षा हुशार, पण घाईत हुशारी कुठे जाते कोण जाणे.) घाई करायला लावणारं ते उलटं घड्याळ शून्यावर गेलं की पान पुन्हा उघडून बघ. पुष्कळदा ते नव्याने सुरू झालेलं दिसेल.

मॉडेलचा क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून बघ. नाव तेच आणि आत प्रोसेसर जुना, असं सर्रास होतं. विक्रेता कोण, वॉरंटी कंपनीची की दुकानाची, परत घेतात का, हे पैसे भरण्याआधी वाच. मेसेजमधून आलेल्या लिंकवरून तर काहीच घेऊ नकोस. पत्ता स्वतः टाइप कर. ‘बिनव्याजी’ हप्त्यांत रोखीची सूट हातची जाते का, तेही बघ.

लॅपटॉपबरोबर हेडफोन, बॅग, माउस पुढ्यात येतील. बॅग घे, तुझी खरंच फाटली आहे.

मॉडेल ठरलं की पूर्ण क्रमांक कळव, मीही इकडे भावावर डोळा ठेवते. बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस.

तुझी,
आई