घाम रोखणाऱ्या गोळ्या उन्हाळ्यात जपून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पारा चाळिशीपार गेला की लातूर-परभणीकडे घामाची तक्रार कोणी मनावर घेत नाही. पण पंख्याखाली बसूनही तळहात ठिबकत असतील, उत्तरपत्रिका भिजत असेल, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नसेल, तर दोष उन्हाचा नाही. हा हायपरहायड्रोसिस, म्हणजे अति घामाचा विकार. बहुधा शाळकरी वयात सुरू होतो, दोन्ही हातांना सारखाच असतो आणि झोपेत थांबतो. उलट रात्री अंथरूण भिजत असेल, वजन घटत असेल, तर आधी क्षयरोग, थायरॉईड तपासून घ्यावे.

पहिला उपाय स्वस्तातला, २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराईडचे द्रावण. लोक ते सकाळी अंघोळ करून लावतात आणि तिथेच फसतात. ओल्या कातडीवर त्याचे आम्ल होते, आग होते, बाटली कोपऱ्यात जाते. झोपताना, अंग पंख्यासमोर खडखडीत कोरडे करून लावावे, सकाळी धुवावे. घाम आटोक्यात येईपर्यंत रोज रात्री, पुढे आठवड्यातून एक-दोनदा. काखेतले केस काढल्यावर दोन दिवस नको.

त्याने भागले नाही तर तळहात-तळपायांसाठी आयनटोफोरेसिस. पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून १५ ते २० मिलिअँपिअरचा सौम्य वीजप्रवाह, २०-३० मिनिटे, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा. आपले बोअरचे जड पाणी इथे उपयोगी पडते. आरओच्या पाण्यात क्षार नसतात, म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. अंगठ्या काढाव्यात, चिरांना व्हॅसलीन लावावे. पेसमेकर असलेल्यांनी व गर्भवतींनी हे टाळावे. बॅटरीला तारा जोडून घरगुती जुगाड तर कोणीच करू नये.

काखेत बोटॉक्सचे इंजेक्शन (प्रत्येकी ५० युनिट) सहाएक महिने टिकते, पण महाग. छातीतली मज्जातंतूची साखळी तोडणारी शस्त्रक्रिया तळहात कोरडे करते खरी. मात्र तोच घाम पुष्कळदा पाठ-पोटावर उतरतो आणि तोडलेले परत जोडता येईल याचा भरवसा नसतो.

गोळ्यांचे मुद्दाम शेवटी लिहितो. ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन साऱ्या अंगाचा घाम कमी करतात. तोंड कोरडे पडते, लघवी तुंबू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या धोक्याच्या. हवा अंगापेक्षा तापली की घाम वाळणे हाच शरीर निववण्याचा मार्ग उरतो, आणि नेमका तोच ही गोळी अडवते. मे महिन्यात रानात धसकटे वेचणाऱ्याला किंवा वीटभट्टीवरच्या मजुराला ती दिली तर उष्माघाताला आमंत्रणच. लिहून देणाऱ्याने आधी कामधंदा विचारावा. औषध दुकानदारांनीही जुन्या चिठ्ठीवर उन्हाळ्यात ती देऊ नये.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, लातूर