८.२ छापताना ८.७ पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२५ अखेरीस आपल्या पहिल्या पानावर 'दुसऱ्या तिमाहीत (जुलै ते सप्टेंबर) विकासदर ८.२ टक्के' अशी ठळक बातमी होती. त्याच्या दोन आठवडे आधी, आतल्या पानावर, ऑक्टोबर २०२५ ची किरकोळ महागाई ०.२५ टक्क्यावर आल्याची, म्हणजे २०१२ हे वर्ष आधार धरून काढलेल्या मालिकेतल्या नीचांकाची बातमी होती. दोन्ही बातम्या बरोबर होत्या. पण एकमेकींशी ओळखदेख नसल्यासारख्या त्या छापल्या गेल्या. माझी तक्रार एवढीच आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो. धाकटा भाऊ निफाड तालुक्यात कांदा करतो. त्या ०.२५ टक्क्याची एक पट्टी, म्हणजे बाजारातल्या विक्रीची पावती, त्याच्या खिशात होती, ती मी वाचली. १८ क्विंटल उन्हाळ कांदा, भाव क्विंटलला १,०५० रुपये, एकूण १८,९००. हमाली, तोलाई, वाराई वजा जाऊन हातात १८,५८८. पिकअपचे भाडे वेगळे. गेल्या वर्षी याच दिवसांत त्याने ४,२०० ने कांदा विकला होता. ऑक्टोबरच्या सरकारी आकड्यात भाजीपाला वर्षभरात २७ टक्क्यांहून अधिक स्वस्त झालेला दिसतो. आपण ज्याला 'ग्राहकांना दिलासा' म्हणता, तो दिलासा दिला कुणी, ते या पट्टीवर लिहिलेले असते.

ग्राहकाला तरी तो मिळाला का? घरात विचारले तर उत्तर 'नाही' असे येते, आणि ते चूक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महागाईचा दर ६.२१ टक्के होता. म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात जी पिशवी १०० रुपयांत भरत होती, ती पुढच्या वर्षी १०६.२१ ची झाली आणि २०२५ मध्ये जवळपास १०६.५० ची. चढलेला भाव खाली आला नाही, चढायचा थांबला. महागाईचा दर उतरणे म्हणजे किमती उतरणे नव्हे, हे मी अकरावीच्या वर्गात दरवर्षी सांगत आलो आणि दरवर्षी निम्मा वर्ग परीक्षेत ते चुकवत आला. वर्तमानपत्राने तरी चुकवू नये.

आता ८.२ कडे येतो. हा दर स्थिर किमतींनुसार, म्हणजे एका ठरावीक जुन्या वर्षाचे भाव धरून, काढलेला. चालू किमतींनुसार, म्हणजे प्रत्यक्ष रुपयांत, त्याच तिमाहीत अर्थव्यवस्था ८.७ टक्क्यांनी वाढली. दोन्हींतला फरक जेमतेम अर्धा टक्का. आधी रुपयांतली वाढ मोजतात, मग त्यातून भाववाढ वजा करतात. ती वजा करायची भाववाढ (डिफ्लेटर) जितकी लहान, तितका वर उरलेला विकासदर मोठा. तेव्हा ८.२ चा अभिमान आणि नीचांकी महागाईचा आनंद एकाच वजाबाकीतून आले आहेत. ते दोनदा साजरे करता येत नाहीत.

शिवाय ही वजाबाकी कशी होते, त्यालाही एक मेख आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याचे उदाहरण घ्या. तो १०० रुपयांचा माल विकतो. त्यात तेल, बेसन, गॅस मिळून ७० रुपये जातात. त्याची स्वतःची भर ३० रुपयांची. जीडीपीत मोजतात ती ही भर. पुढच्या वर्षी तेल-बेसन स्वस्त होऊन खर्च ६० वर आला. विक्री तेवढ्याच किलोंची, भाव तोच. भर झाली ४०. तेव्हा आपल्याकडे कारखानदारीसह बऱ्याच क्षेत्रांत फक्त तयार मालाच्या किमतीने भाववाढ वजा करत असत. कच्च्या मालाची स्वस्ताई वेगळी काढत नसत. फरसाणाचा भाव हललेला नाही, म्हणून कागदावर त्याची 'खरी' वाढ दिसते ३३ टक्के! एक किलोही जास्त तळलेला नसताना. मी दुकानात हे पुड्याच्या कागदावर मांडून दाखवले, तर म्हणाला, "सर, दहा रुपये मला सुटले हे खरंय, पण कढई तेवढीच आहे."

ऑक्टोबरात घाऊक महागाईचा दर तर उणे १.२१ टक्के होता. अशा वर्षात कढईचा हा घोळ वाढतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने नोव्हेंबरात आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकडेवारीला 'क' (सी) श्रेणी, म्हणजे चारांतली तिसरी, दिली, त्यामागे हे एक कारण आहे. दुसरे, २०११-१२ हे जुनाट झालेले पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याचे भाव आधार धरतात ते. यावरून चॅनेलांवर देशभक्ती विरुद्ध देशद्रोह असा सामना रंगला. फरसाणवाल्याइतके तरी कुणी समजून घ्यायला हवे होते. आकडे खोटे आहेत असे नाणेनिधीने म्हटले नव्हते आणि मीही म्हणत नाही. मोजपट्टी जुनी होती, आणि ती बदलण्याचे काम सरकारनेच हाती घेतले होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये किरकोळ महागाईची २०२४ पायाभूत धरलेली मालिका आली. महागाई मोजायच्या वस्तूंच्या जुन्या टोपलीत अन्न व पेये यांचे वजन ४५.८६ टक्के होते आणि तिच्यात डीव्हीडी प्लेअर अजून जपून ठेवलेला होता.

वाचकाच्या खिशाशी या सगळ्याचा सर्वांत जवळचा संबंध येतो तो सरकारी तुटीच्या बाबतीत, आणि नेमके तेच बातमीत नसते. कर रुपयांत गोळा होतो. कर्ज आणि व्याज रुपयांतच फेडायचे असते. स्थिर किमतींच्या रुपयाने आजवर कुणी जीएसटी भरलेला नाही. केंद्राने २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडताना चालू किमतींनुसार १०.१ टक्के वाढ गृहीत धरली होती. त्यावर १५.६९ लाख कोटींची तूट, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के. पहिल्या सहामाहीत प्रत्यक्ष वाढ ८.८ च्या आसपास राहिली. आयकरात सवलत अर्थसंकल्पातच दिली होती, त्यात मधल्या काळात, २२ सप्टेंबरपासून, जीएसटीचे दर उतरवले. म्हणजे ८.२ चा विकासदर असूनही अर्थमंत्र्यांच्या हातात अपेक्षेपेक्षा कमी पैसा येतो, तो असा. उलट २०२१-२२ मध्ये चालू किमतींची वाढ १८ टक्क्यांच्या वर होती आणि तूट एका वर्षात ९.२ वरून ६.७ टक्क्यांवर उतरली. त्या उतरण्यात महागाईने भरलेली वर्गणी मोठी होती. पावती मात्र कुणाला मिळाली नाही.

महाराष्ट्राचे गणितही तूट भागिले उत्पन्न याच भागाकारावर उभे आहे. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात तूट १.३६ लाख कोटी, राज्य उत्पन्नाच्या पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणून 'तीन टक्क्यांच्या आत' असे अभिमानाने सांगितले जाते. पण त्यात ४५,८९१ कोटींची महसुली तूट आहे, म्हणजे रोजच्या खर्चासाठी काढलेले कर्ज. लाडकी बहीण योजनेला ३६,००० कोटी आहेत. ही योजना बंद करा असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या खात्यात ते दीड हजार आले की त्या दिवशी त्यांच्या मुलाची क्लासची फी जाते, हे मी पाहतो. मात्र हे दीड हजार २०२४ पासून दीड हजारच आहेत, निवडणुकीतले २,१०० अजून वाटेतच आहेत, आणि कांदा-सोयाबीनचे भाव पडून गावात पैसाच कमी फिरला तर राज्याच्या तिजोरीत तो येणार कुठून, हा प्रश्न विधिमंडळात कुणी असा जोडून विचारत नाही.

अन्नामुळे महागाई चढली की तिला पाऊसपाणी जबाबदार, उतरली की धोरणाचे यश, ही पद्धत जुनीच आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद झाली होती. भाव पडल्यावर रात्री जागणारे कुणी दिसत नाही. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.

आज विनंती छोटी आहे. विकासदराची चौकट छापताना तिच्यात तीन आकडे शेजारी शेजारी द्यावेत: स्थिर किमतींची वाढ, चालू किमतींची वाढ आणि अर्थसंकल्पात धरलेली वाढ. महागाईच्या बातमीत गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा दर द्यावा. जागा फार लागणार नाही. त्या पानावर शेअर बाजाराच्या बैलाचे चित्र असते, ते थोडे लहान करता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिक