गाडी पळते हे कळले, थांबते का ते पाहू

ट्रॉय, मिशिगन

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तू गाडीचे 21 फोटो पाठवलेस. त्यांतले 7 एकट्या इंजिनाचे आहेत, 3 मागच्या दिव्यांचे आहेत आणि चाकाच्या आत काय आहे हे दाखवणारा एकही नाही. ब्रेकच्या चाचण्या घेण्यात जिची 20 वर्षे गेली त्या बाईला तिच्याच मुलाने असे फोटो पाठवावेत याचे आधी मला हसू आले, आणि मग रात्री झोप लागली नाही. फोनवर बोलायला लागलो की आपण दोघेही इंग्रजीत शिरतो आणि तू वकिलासारखा भांडतोस, म्हणून मराठीत आणि कागदावर लिहिते आहे. सावकाश वाच.

गाडी घेऊ नकोस असे मी म्हणणार नाही, हे आधीच सांगून टाकते. 1966 सालची पाँटिअॅक जीटीओ, 389 घनइंचांचे इंजिन आणि त्यावर ओळीने बसवलेले, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारे तीन कार्बोरेटर पाहून कोणालाही भुरळ पडेल. तुझे बाबा तर गेले तीन दिवस जेवणे आटोपल्यावर गुपचूप कार्बोरेटरविषयी वाचत बसतात आणि मी खोलीत गेले की पान बदलतात. पण ही गाडी कशी जन्माला आली हे तुला ठाऊक असायला हवे, कारण तिच्यातली खोट तेव्हापासूनचीच आहे.

1963 च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला लावले. पाँटिअॅकचे नाव तर शर्यतींवरच झाले होते. तेव्हा तिथले मुख्य अभियंता जॉन डेलोरिअन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांच्या ध्यानात आले की, टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत जिथे 326 घनइंचांचे इंजिन बसते तिथे मोठ्या गाडीचे 389 चे इंजिनही बसते, कारण दोन्हींचा बाहेरचा आकार सारखाच आहे. एवढ्या आकाराच्या गाडीत 330 घनइंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही असा कंपनीचा नियम होता. त्यावर त्यांनी पळवाट काढली: मोठे इंजिन नेहमीच्या गाडीत न देता, गिऱ्हाइकाने सुमारे 295 डॉलर जादा मोजून मागून घ्यायची जोड म्हणून ते विकायचे. तीच ही जीटीओ. विक्री खात्याला 5000 गाड्या खपण्याचीही खात्री नव्हती. 1964 च्या पहिल्याच हंगामात 32,450 खपल्या आणि तुझ्या मनात भरलेल्या 1966 च्या मॉडेलच्या तर 97 हजारांच्या घरात गेल्या.

घेणारे कोण होते, हे सालावरूनच कळते. महायुद्ध संपल्यावर 1946 मध्ये जन्मलेली मुले 1964 मध्ये 18 वर्षांची झाली. त्यांच्या वडिलांनी फोर-डोअर सेडान चालवल्या होत्या. या मुलांना तेवढ्याच आकाराच्या, हप्त्यांवर परवडणाऱ्या गाडीत तिच्यापेक्षा थोराड गाडीचे इंजिन मिळाले. तीन कार्बोरेटरच्या तुझ्या इंजिनाची शक्ती कारखान्याने 360 अश्वशक्ती लिहिली आहे. (तो आकडा इंजिन टेबलावर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे काहीही न जोडता मोजलेला आहे, 1972 पासून खरे मोजमाप छापायला लागले तेव्हा सगळ्यांचेच आकडे धाडकन खाली आले. मित्रांपुढे फुशारकी मारताना हे लक्षात असू दे.) जीटीओची धडाडी पाहून बाकीचेही मागे लागले. 1968 मध्ये प्लिमथने काढलेली रोड रनर तर 3000 डॉलरांच्या आत मिळत असे, म्हणजे किराणा दुकानात पिशव्या भरणाऱ्या पोरालाही ती स्वप्नात दिसायला हरकत नव्हती.

आता माझा विषय. शक्ती वाढवणाऱ्यांनी थांबवण्याकडे काय लक्ष दिले? तुझ्या गाडीला चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम ब्रेक आहेत, आणि गाडीचे वजन आहे सुमारे 1600 किलो. ताशी 100 मैलांच्या वेगातून ती गाडी थांबवायची म्हणजे नळाचे साडेचार लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी उष्णता काही सेकंदांत बाहेर टाकायची. 60 मैलांच्या वेगाला तीच उष्णता याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक असते. हा सगळा ताप बंद डब्यासारख्या ड्रमच्या आत कोंडतो. ड्रम तापला की फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या पट्टीपासून, म्हणजे लायनरपासून, दूर जातो, लायनर तापला की त्याची पकड सुटते, आणि पाय पूर्वीइतकाच जोरात दाबलेला असूनही गाडी पुढे जातच राहते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे उघड्या हवेत राहणाऱ्या तबकडीचे ब्रेक, 1967 पासून मिळायला लागले, तेही खास मागणी केली तरच. याहून मोठी अडचण म्हणजे 1966 च्या गाडीत पेडल दाबले की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे. एखादी जुनी नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दोन स्वतंत्र कप्पे, आणि धडकेत चालकाच्या छातीत न घुसता आत दबणारा स्टिअरिंगचा दांडा, हे दोन्ही 1967 च्या मॉडेलांत आले. वकील राल्फ नेडर यांनी 1965 मध्ये आपल्या पुस्तकात असुरक्षित गाड्यांवरून कारखानदारांचे वाभाडे काढले होते आणि मोटार सुरक्षेच्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली सप्टेंबर 1966 मध्ये. तू नेमके त्याच्या उंबरठ्याअलीकडचे वर्ष निवडलेस.

काल मी तुला न सांगता त्या विकणाऱ्या आजोबांकडे जाऊन आले. रागावू नकोस. त्यांनी 19 व्या वर्षी गाडी घेतली आणि तेव्हापासून दुसऱ्या कोणाला चालवायला दिली नव्हती, पण मी काय काम करते हे ऐकल्यावर त्यांनी निमूटपणे किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्यांच्या गल्लीच्या मोकळ्या रस्त्यावर मी ताशी 40 मैलांवरून पाच वेळा लागोपाठ थांबून पाहिले. पहिल्या दोन वेळा ठीक होते. तिसऱ्या वेळी पेडल दोन बोटे खाली गेले आणि पाचव्या वेळी गाडीने डावीकडे अशी ओढ घेतली की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावे लागले. शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, पहिल्यापासून ती अशीच आहे, सवय होते.

नंतर त्यांनी कॉफी दिली आणि वुडवर्ड अॅव्हेन्यूच्या गोष्टी सांगितल्या. डेट्रॉइटच्या नदीकाठापासून पाँटिअॅक शहरापर्यंत जाणाऱ्या त्या रुंद रस्त्यावर उन्हाळ्यातल्या रात्री मुले एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची, आणि कारखान्यांतले इंजिनिअरसुद्धा नव्या गाड्या घेऊन त्यांत घुसायचे, हे मी इथे आल्यापासून ऐकत आले आहे. आजोबांच्या आईविषयीची गोष्ट मात्र नवी होती. त्यांचे घर वुडवर्डपासून मैलभर आत होते. आई स्वयंपाकघरातला दिवा लावून बसायची. दुरून येणाऱ्या शंभर आवाजांतून तिला या तीन कार्बोरेटरांचा आवाज ओळखू यायचा, आणि तो आवाज आपल्या गल्लीत वळला की ती दिवा मालवून झोपल्याचे सोंग घ्यायची. मला एकदम आपली पुण्याची आजी आठवली. मामाच्या येझदीचा फटफटाट कोपऱ्यावर ऐकू आल्याशिवाय ती तवा चुलीवर ठेवत नसे आणि विचारले तर पोळी गरमच खावी म्हणून, असे सांगत असे.

हे सगळे फार वर्षे टिकले नाही. विमा कंपन्यांनी अशा गाड्या चालवणाऱ्या तरुणांचे हप्ते भरमसाट वाढवले, 1970 च्या हवाशुद्धीच्या कायद्याने धूर मोजायला लावला, 1973 च्या ऑक्टोबरात अरबांनी तेल रोखले आणि 1974 मध्ये जीटीओही बंद पडली. तोवर अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्षाला 50 हजारांहून अधिक माणसे मरत होती. ती सगळी या गाड्यांमुळे मेली असे मी मुळीच म्हणत नाही, पण त्या आजोबांनी शाळेच्या वर्गाच्या फोटोतल्या दोन मुलांवर बोट ठेवले तेव्हा मी कॉफी अर्धी सोडली.

तुझे उत्तर मला ठाऊक आहे: सुटे भाग बदलले की गाडी अस्सल राहत नाही आणि किंमत उतरते. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेव, तुझ्या नातवाला ती अस्सल करून विकू दे. पण पुढच्या चाकांना डिस्क, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, सगळ्या लोखंडी नळ्या नव्या, रेडियल टायर आणि मांडीवरच्या नुसत्या पट्ट्याऐवजी खांद्यावरून येणारा पट्टा, एवढे झाल्याशिवाय ती गाडी आपल्या गल्लीबाहेर जाणार नाही. यांतले अर्धे पैसे मी देईन आणि सगळे काम माझ्या देखत होईल. तुझे आजोबा दापोडीला एस.टी.च्या कार्यशाळेत होते हे तुला माहीत आहे. खंबाटकीचा घाट उतरलेल्या गाडीच्या ड्रमला हाताचा पंजा न टेकवता नुसता जवळ नेऊन ते ड्रायव्हर कसा आहे ते सांगत. तू माझ्या शेजारी बसून चालवशील तेव्हा मीही तसेच पाहणार आहे.

शनिवारी सकाळी नऊला मी तिथे येते. पैसे आताच देऊ नकोस. जॅक, दोन स्टँड आणि चाकाचा पाना घेऊन ये, आधी पुढचे डावे चाक उघडू, कारण ओढ तिकडेच आहे. ड्रम निघाला की आतली काळी भुकटी उडवायला फुंकर मारू नकोस किंवा हवेचा पाइपही लावू नकोस. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे, ते श्वासातून छातीत जाता कामा नये. मी मास्क आणि ओली फडकी आणते.

तुझी,
आई