जिन्यात बसून राहिलेल्या काकांना

काका,

परवा धाकट्या भावाला नशा सोडून चौदा महिने पूर्ण झाले. आईने शेजारी पेढे वाटले, कारण मात्र 'असंच' म्हणून सांगितलं. रात्री सगळे झोपल्यावर मी जिन्यात गेले आणि वरून तिसऱ्या पायरीवर बसले. तुम्ही बसला होतात तिथे. हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. तरी लिहिते.

त्या रात्री मी दार उघडलं नाही. उपचार घेऊन घरी येऊन त्याला तीनच आठवडे झाले होते आणि तो पुन्हा पन्नीवर गर्द, म्हणजे ब्राउन शुगर हे हेरॉइनच, ओढून आला होता. बाहेरून म्हणत होता, "ताई, फक्त आजची रात्र." ही आजची रात्र मी नऊ वर्षं ऐकत होते. आईच्या पाटल्या, माझा लॅपटॉप, बाबांच्या तेराव्याला कपाटात ठेवलेले पैसे, सगळं 'फक्त आजच्या रात्री'च गेलं होतं. तुम्हाला फोन केला तो मदत मागायलासुद्धा नव्हे. "याला इथून घेऊन जा," एवढंच म्हणाले मी.

तुम्ही आलात. मला वाटलं, आता रक्ताच्या नात्यावर प्रवचन होणार. दाराबाहेरून तुमचा आवाज आला, "उघडावंसं वाटत नसेल तर उघडू नका. मी बसतो याच्याजवळ. दोन चादरी तेवढ्या द्या."

साखळी न काढता फटीतून मी चादरी सरकवल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला 'नाही' म्हणू दिलं होतं.

पहाटे दूधवाला पोरगा आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "ताईंची पिशवी द्या इकडे." जणू तुम्ही रोजच आमच्या जिन्यात मुक्कामाला असता! दार उघडलं तर उंबऱ्याशी दोन्ही चादरी, काठाला काठ जुळवून घडी घातलेल्या, आणि वर दुधाची पिशवी. तुम्ही दोघं चहाच्या टपरीवर गेला होतात.

तुम्ही का थांबलात ते मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं, तेही तुमच्याकडून नाही. काही आठवडे गर्द बंद राहिली की शरीराची सवय मोडते. मग माणूस जुन्याच अंदाजाने ओढतो आणि तेवढ्या मात्रेने श्वास थांबू शकतो. तुम्ही रात्रभर त्याचा श्वास बघत होतात, १०८ ला फोन करायच्या तयारीत. मला सांगितलं असतंत तर मी घाबरून दार उघडलं असतं, आणि ते तुम्हाला नको होतं. नंतर तुम्हीच कबूल केलंत, "सांगायला हवं होतं, चुकलो." मला नाही वाटत चुकलात.

आता थोडं इतरांबद्दल. तुम्ही म्हणाल, जाऊ द्या. पण नाही जाऊ देत. एका 'केंद्रा'त त्याचं डोकं भादरून तीन महिने कोंडून ठेवलं होतं. टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावरच्या यातनांत, तो हातपाय आपटत होता तेव्हा थंड पाण्याच्या बादल्या ओतल्या. पैसे मात्र आगाऊ घेतले. एका मोठ्या डॉक्टरांनी त्याच्यासमोरच आईला सांगितलं, "याच्यावर आता खर्च करू नका." नातेवाइकांचं निदान तर फुकट होतं: संस्कार कमी पडले. मामा म्हणाले, माळ घाला. माळेने सुटलेली माणसं आहेत, मी नाकारत नाही. पण मामांना माळेपेक्षा आमचा विषय संपवायची घाई होती.

तुमच्या व्यसनमुक्तीच्या शनिवारच्या मीटिंगला यायला लागले आणि मग मी हावरटासारखं वाचत सुटले. व्यसन म्हणजे चारित्र्याचा दोष, हे संस्कारवाल्यांचं 'नैतिक मॉडेल' तर पाठच होतं. अमेरिकी डॉक्टरांच्या संघटनेने १९५६ साली दारूचं व्यसन हा आजार मानला, हे वाचून मी रडले होते. आईचा दोष नाही, माझा नाही. पण आमचे चिरंजीव त्यातही हुशार. पर्समध्ये हात घातलेला सापडला की म्हणायचा, "ताई, मी आजारी आहे." तेव्हा तुम्ही त्याला सुनावलं होतंत, "डायबेटीसवाल्याला कुणी रोज जिलेबी आणून देतं का? आजार तुझा आहे, पथ्यही तुलाच पाळायचंय."

आणि ती सैनिकांची गोष्ट. व्हिएतनाममधल्या अमेरिकी सैनिकांपैकी साधारण पाचातला एक हेरॉइनच्या आहारी गेला होता. मायदेशी परतल्यावर संशोधक ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग काढला, तर पहिल्या वर्षात त्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनी झाले होते. परिसर बदलला, माणसं बदलली, आणि बहुतेकांची सुटली. ऐकून मी चिडले होते, आठवतं? "आमचा कुठे व्हिएतनामला गेला होता? त्याचं व्हिएतनाम घराच्या मागच्या बोळातच आहे," म्हणाले. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, तुमच्या ओळखीच्या प्रेसमध्ये लावलंत.

१९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, त्या काळातल्या गर्दच्या लाटेत तुम्हीही सापडला होतात, हे तुम्ही एकदाच, ओझरतं बोललात. तुमच्यासाठी तेव्हा कोण जिन्यात बसलं होतं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तुमच्यासारखी माणसं मला आता दिसायला लागली आहेत. रांगेत म्हाताऱ्याचा फॉर्म भरून देणारा, बसमध्ये कुणाच्या तरी झोपलेल्या पोराला खांदा देणारी. आधीही असतील, माझंच लक्ष दाराच्या कडीवर असायचं.

रविवारी या. आई पुरणाच्या पोळ्या करणार आहे. धाकटा म्हणतो, काका कटाची आमटी वाटीवर वाटी पितात, जास्त कर. आणि या वेळी आत येऊन बसायचं आहे. चौदा महिन्यांत तुम्ही आमच्या घराचा उंबरा एकदाही ओलांडलेला नाही, मी मोजलंय.

तुमची,
ताई (तुम्ही मला याच नावाने हाक मारता, वयाने अर्धी असून)