४७५ वर्षांचा अर्थ

महोदय,
११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगरला आमच्या फडताळातली पितळी भांडी खाली कोसळली आणि आईने आम्हा भावंडांना गोधडीसकट अंगणात ओढले. दख्खनचे पठार भूकंपाला पक्के, असेच तोवर सारे धरून चालले होते. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले. सुदैवाने ते उभे राहिले.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत एमआयटीचे प्राध्यापक सी. ॲलिन कॉर्नेल यांचा भूकंपाच्या जोखमीवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मोठ्यात मोठा धक्का किती, एवढेच न विचारता एखाद्या जागेच्या आसपासच्या भूकंपाच्या प्रत्येक स्रोतातून केवढा धक्का किती वेळा येऊ शकतो, याची बेरीज करून त्यांनी त्या जागेची जोखीम आकड्यात मांडली. पुढे ते स्टॅनफर्डला गेले. २००७ मध्ये ते वारले. त्यांची पद्धत आज जगभर वापरात आहे.

या पद्धतीतला, एखाद्या जागी ठरावीक जोराचा धक्का '४७५ वर्षांतून एकदा' येतो, हा आकडा मात्र सर्रास चुकीचा वाचला जातो. आता चारशे वर्षे चिंता नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. ५० वर्षे वापरायच्या इमारतीला तेवढा किंवा त्याहून मोठा धक्का बसण्याची शक्यता १० टक्के, असा तो हिशेब आहे. घर बांधणाऱ्यांना मी हे कागदावर काढून दाखवले, की ते आपणहून कॉलममधल्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या रिंगांचे अंतर विचारू लागत. भूकंपविषयक बातम्यांसोबत आपण हा अर्थ चौकटीत छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, कराड